होमस्कूलिंग, पण घरी थांबतंय कोण?

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना माझं 'म्हणजे', 'तर' आणि 'ॲक्चुअली' फार होतं, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटने. कोल्हापूरचा एक मुलगा आहे, १५ वर्षांचा. आठवीनंतर शाळा सोडली, घरूनच शिकतो. सकाळी फुटबॉल, संध्याकाळी परत फुटबॉल, आठवड्यातून तीन दिवस कोडिंगचा क्लास, शनिवारी-रविवारी मॅच. तो म्हणतो, "ताई, मला शाळा नाही, तरी अभ्यासाला वेळ नाही. आई म्हणते जूनमध्ये परत शाळेत घालते. काय करू?"

ही नोट मी तीनदा ऐकली. कारण त्याच्या वयाची असताना मी अगदी इथेच अडकले होते, फक्त फुटबॉलच्या जागी मल्लखांब होता आणि कोल्हापूरच्या जागी डोंबिवली.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. सातवीनंतर मी शाळा सोडली. कारण सरळ होतं: शाळा दुपारची आणि दादरला दोरीच्या मल्लखांबाची प्रॅक्टिसही दुपारचीच. आईने पहिल्याच आठवड्यात कार्डशीटवर टाइमटेबल करून फ्रिजला चिकटवलं. ३५-३५ मिनिटांचे तास, मध्ये छोटी सुट्टी, मोठी सुट्टी. फक्त घंटा द्यायची बाकी होती. ते टाइमटेबल पंधरा दिवसही टिकलं नाही. मग आम्ही उलट्या टोकाला गेलो. आता शाळा नाहीच तर भरपूर वेळ आहे, चला, हेही शिकू आणि तेही शिकू. तबला होताच. त्यात जर्मनचा क्लास आला, चित्रकला आली, महिन्यातून दोन रविवार ट्रेकिंगचा ग्रुप आला. प्रत्येक गोष्ट सुरू करताना आम्ही हेच म्हणायचो की वेळ आहे ना!

असं शाळा सोडलेल्या बऱ्याच घरांत होतं. मुलगा-मुलगी दिवसभर घरात दिसते म्हटल्यावर आई-बाबांना धास्ती वाटते की हिचं काहीतरी राहतंय. मग ते 'राहिलेलं' भरून काढायला क्लास लावले जातात. दोन वर्षांनी बघावं तर शाळेपेक्षा जास्त धावपळ, आणि वर स्कूलबसही नाही.

चौदा पूर्ण झाल्यावर मी एनआयओएसमध्ये दहावीसाठी नाव घातलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था. १९८९ साली सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं मुक्त शिक्षण मंडळ आहे. दहावीला किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी. वर्षातून दोनदा परीक्षा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आत्ता दोन, सहा महिन्यांनी दोन, मग एक, असंही चालतं. जो विषय सुटला तो सुटला. शिवाय घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटना २० टक्के वजन असतं.

दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, म्हणजे आपला १७ नंबरचा फॉर्म. खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं. तोही चांगला आहे, पण तिथे सगळे विषय एकाच दमात द्यायची तयारी हवी. ज्याचं बाहेरचं वेळापत्रक कमी आहे त्याला ते जमतं. (चौदाच्या आतल्या मुलांचा आणि शिक्षण हक्क कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

तर इतकी मोकळीक हातात असताना मी काय केलं? पाचही विषयांचे फॉर्म एकाच एप्रिलसाठी भरले. का? तर माझ्या वर्गातल्या जुन्या मैत्रिणींच्या आधी मला दहावी व्हायचं होतं. खरं कारण तेच. त्याच हंगामात तबल्याची मध्यमा प्रथमची परीक्षाही होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही वर्षातून दोनदाच असतात, साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. म्हणजे एनआयओएसच्या जवळपास डोक्यावरच. हे कॅलेंडर शेजारी-शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही, मला नाही आणि आईलाही नाही.

माझी तबल्याची प्रात्यक्षिक परीक्षा आणि गणिताचा पेपर एकाच आठवड्यात आले. तबल्याची परीक्षा दिली. गणिताच्या पेपरला बसले आणि २७ गुण पडले. पास व्हायला ३३ लागतात. विज्ञान आणि सामाजिक विज्ञान या दोन पेपरांना मी बसलेच नाही. ताप आला होता, हे खरं. पण ताप नसता तरी बसले असते का, हे मला आजही सांगता येणार नाही. मराठी आणि इंग्रजी सुटले, बस.

मामा घरी आला होता. तो फार काही बोलला नाही, "शाळेत असती तर निदान वर्गात तरी बसली असती," एवढंच म्हणाला. आई स्वयंपाकघरात गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. तिने माझ्यासाठी अर्धवेळची नोकरी सोडली होती. हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवायचं नाही, पण त्या दिवशी घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं.

बाबा बँकेत. त्यांचा सगळ्या आजारांवर एकच उपाय, हिशोब. त्यांनी मला एक वही दिली आणि म्हणाले, "काही बदलू नकोस. एक आठवडा फक्त लिही. कधी कुठे होतीस."

आठवड्याचे तास १६८. माझा हिशोब असा निघाला: मल्लखांब चार दिवस मिळून १० तास. त्याच्या प्रवासाचे, घरापासून घरापर्यंत, १२ तास. म्हणजे मल्लखांबापेक्षा लोकलच जास्त! तबल्याचा क्लास आणि रियाज मिळून ८. जर्मन जाण्यायेण्यासकट ५. चित्रकला ३. ट्रेक सरासरी काढली तर आठवड्याला ५. हे झाले ४३. झोप ५६. जेवणखाण, आंघोळ, घरातली कामं २१. बेरीज १२०. शिल्लक? ४८ तास.

मी वहीकडे बघत बसले. अठ्ठेचाळीस तास! शाळेतली मुलंही एवढा वेळ वर्गात बसत नाहीत. मग अभ्यास का होत नव्हता?

बाबांनी लाल पेन घेतलं आणि त्या ४८ तासांपैकी जे तुकडे सलग दीड तासाचे होते आणि ज्यात मी दमलेली नव्हते, त्याभोवती गोल केला. पूर्ण आठवड्यात असे तुकडे निघाले चार. बाकी सगळा चुरा. प्रॅक्टिसला निघायच्या आधीची चाळीस मिनिटं, क्लासहून आल्यावरची पाऊण तास, रात्री साडेनऊनंतरचं जे काय उरलं ते.

वेळ नव्हता असं नव्हतं, सलग वेळ नव्हता. आणि हे दोन आजार वेगळे आहेत, त्यांची औषधंही वेगळी. वेळच नसेल तर जागरण करावंसं वाटतं. मी तेच करत होते. पण १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. या वयात शरीराचं घड्याळही थोडं पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. तो आळस नाही. हे आईला दाखवा हवं तर, माझं नाव सांगा!

मग आम्ही काय बदललं, ते सांगते. सगळं एका दिवसात बदललं नाही आणि सगळं जमलंही नाही.

पहिलं म्हणजे काहीतरी सोडावं लागलं. बाबांनी विचारलं, "यातलं काय बंद झालं तर तुला रडू येईल?" चित्रकलेला नाही आलं. जर्मनला थोडं आलं, अजूनही कुणी जर्मन बोलताना दिसलं की आतून काहीतरी होतं. तरी दोन्ही सोडले. तबला सोडायचा म्हटल्यावर मात्र बोलताच येईना. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली की तबला आणि तबल्याची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या वर्षी परीक्षाच द्यायची नाही, असं ठरवलं. सरांना सांगायला मी घाबरत घाबरत गेले. ते म्हणाले, "परीक्षा नको तर नको. रियाज चुकवू नकोस." विषय संपला. तुमच्यापैकी किती जणांनी फक्त सर्टिफिकेटची शर्यत थांबवून छंद ठेवून बघितलाय? करून बघा.

दुसरं, आठवड्याचं टाइमटेबल सोडून वर्षाचं केलं. माझ्या स्पर्धा हिवाळ्यात असायच्या. पावसाळ्यात आमची प्रॅक्टिस कमी व्हायची, लोकलचेही वांधे असायचे. म्हणजे जून ते सप्टेंबर हा माझा अभ्यासाचा हंगाम. गणित आणि विज्ञान ऑक्टोबरला, सामाजिक विज्ञान पुढच्या एप्रिलला. डिसेंबरमध्ये स्पर्धा असताना दिवसाला अर्धा तास वाचन, त्यापलीकडे काही नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी तोंड पाडायचं नाही, असा करार. शेतकरी वर्षभर पेरणी करत नाही, तसंच हे. एक लक्षात ठेवा, परीक्षेचा फॉर्म काही महिने आधी भरावा लागतो. त्यामुळे 'बघू नंतर' चालत नाही.

तिसरं, सकाळचे सलग तुकडे चारचे सहा केले आणि ते फक्त गणिताला दिले. असाइनमेंट, वह्या पूर्ण करणं, आकृत्या काढणं, हे सगळं चुऱ्यात. आधी मी नेमकं उलटं करायचे. ताज्या डोक्याने रंगीत आकृत्या आणि रात्री झोपेत त्रिकोणमिती.

आणि लोकल. आठवड्याचे १२ तास, ते कसे सोडणार? दुपारी दादरला जाताना लेडीज डब्यात बसायला मिळायचं, तेव्हा पुस्तक. संध्याकाळी परत येताना पुस्तक काय, हातसुद्धा वर करता यायचा नाही. मग मी सामाजिक विज्ञानाचे धडे माझ्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड केले. (हो, पॉडकास्टची सुरुवात तिथेच झाली म्हणा.) पण फक्त ऐकून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. ऐकलेलं दुसऱ्या कानातून निघून जायचं. मग एक धडा ठाण्यापर्यंत ऐकायचा, ठाण्याला इअरफोन काढायचे आणि डोंबिवली येईपर्यंत मनातल्या मनात तो धडा परत सांगायचा. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून आठवून बघणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. माझ्या शेजारी नेहमी बसणाऱ्या एक काकू भाजी निवडता निवडता माझ्याकडून धडा म्हणून घ्यायच्या. त्यांना संविधान सभेत भारी रस होता.

आता एक नाजूक मुद्दा. होमस्कूलिंगवाले आपण सगळे एक वाक्य फार वापरतो: "खेळ, कला हाच तर अभ्यास आहे." ते अर्धं खरं आहे. खरा अर्धा भाग आधी सांगते, कारण तो मला फार आवडतो.

तबल्यात तिहाई असते. एकच बोल तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्यांदा शेवटचा ठोका बरोबर समेवर आला पाहिजे. तीनताल १६ मात्रांचा. समेपासून सुरू करून पुढच्या समेवर संपवायचं तर मोजून १७ मात्रा झाल्या. बोल धरा क्ष मात्रांचा, मधली विश्रांती य मात्रांची. बोल तीन, मधल्या जागा दोन. म्हणजे ३क्ष + २य = १७. बोल पाचाचा घेतला तर विश्रांती एकाची: १५ आणि २, सतरा. बोल तीनाचा घेतला तर विश्रांती चाराची: ९ आणि ८, सतरा. बोल चाराचा घेतला तर? विश्रांती अडीच येते. तेही वाजवता येतं, पण हात सुटतात! हे मी दोन वर्षं बोटांवर करत होते आणि पुस्तकातलं 'दोन चलांतील रेषीय समीकरण' बघून मला घाम फुटायचा. ज्या दिवशी वहीत तिहाई मांडली त्या दिवशी तो अख्खा धडा तासाभरात सुटला. नुसता सुटला नाही, आवडला.

आता दुसरा अर्धा भाग. तबल्यात त्रिकोणमिती नव्हती. मल्लखांबाच्या दोरीवर घर्षण कळतं, तोल म्हणजे काय ते पोटातून कळतं, पण रासायनिक समीकरणं संतुलित करायला दोरी उपयोगी पडत नाही. ट्रेकवर सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट हाताला लागतो, राज्यघटना लागत नाही. जे छंदात सापडतं ते घ्या, मनसोक्त घ्या. जे सापडत नाही त्यासाठी टेबलावर बसावंच लागतं. मी वर्षभर स्वतःला फसवलं, ते याच वाक्याच्या आधाराने.

याच संदर्भात मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. सातवीत शाळा सोडली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवलं, २०१६ मध्ये एमआयटीला प्रवेश. सगळे इथेच थांबतात. पुढचं कुणी सांगत नाही की बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. आणि मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिने मिळालेला वेळ एका गोष्टीत ओतला. पाच क्लासमध्ये वाटला नाही.

खेळणाऱ्यांसाठी काही रोखठोक गोष्टी. शालेय स्पर्धांमध्ये मुलं शाळेच्या नावाने उतरतात. शाळा नाही तर तो रस्ता बंद. कोल्हापूरच्या माझ्या मित्रा, सुब्रोतो कप शाळांचाच असतो, तो तुला खेळता येणार नाही. तुझा रस्ता क्लब आणि जिल्हा संघटनेचा. राज्य मंडळ दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण देतं, पण एनआयओएस वेगळं मंडळ आहे, तिथे त्यावर भिस्त ठेवू नका. लोकलच्या विद्यार्थी पासाला शाळा-कॉलेजचा दाखला लागतो. मी कायम पूर्ण पैशांचा पास काढला. छोट्या गोष्टी आहेत, पण शाळा सोडताना हे कुणी सांगत नाही.

आणि आई. त्या नापासानंतर तिने शिकवणं बंद केलं. रागाने नाही, ठरवून. रविवारी रात्री जेवणं झाली की आम्ही तिघं वीस मिनिटं बसायचो. मी पुढचा आठवडा सांगायचे, ती फक्त विचारायची, "गणित कुठे बसवलंस?" आधी ती डबा, क्लासची ने-आण, गृहपाठ, सगळंच ओढत होती. माझा आठवडा माझ्याकडे आल्यावर तिचा तिला परत मिळाला. पुढच्या जूनमध्ये ती कामावर परत गेली.

ऑक्टोबरला गणितात ५८ आले. मामाला फोन मीच केला.

आता कोल्हापूरच्या मित्राकडे येते. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की आधी काही बदलू नकोस, एक आठवडा लिही आणि सलग तुकड्यांना लाल गोल कर. परवा त्याने वहीचा फोटो पाठवला. सकाळी मैदानावरून आल्यावर नऊ ते साडेअकरा रोज रिकामे आहेत, पण त्यातले तीन दिवस बरोबर मध्ये कोडिंगचा क्लास बसलाय. आणि संध्याकाळी खेळ संपल्यावर रोज तास-दीड तास 'कट्टा' असं लिहिलंय. खाली प्रश्न: "ताई, कट्टा सोडू का?"

मी त्याला लिहिलं, कट्टा सोडू नकोस. शाळा सोडल्यावर मित्र भेटायची तुझी तेवढीच जागा उरली आहे आणि दमलेल्या डोक्याने त्या तासात तू काही शिकणारही नाहीस. कोडिंगचा क्लास संध्याकाळच्या बॅचला जातो का बघ, नाही तर सहा महिने थांबव. ऑक्टोबरला दोनच विषयांचा फॉर्म भर.

त्याचं उत्तर आलंय. क्लासवाले बॅच बदलून द्यायला तयार आहेत. आईला कट्ट्याचं अजून पटलेलं नाही. तिच्याशी मी शनिवारी फोनवर बोलणार आहे. त्या तयार झाल्या तर पुढच्या एपिसोडमध्ये त्यांनाच बोलावते.